बसवलेला गुडघा जमिनीवर बसतो का?

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाबद्दल सोलापुरात लोक सहज म्हणतात, ‘त्यांच्या वाट्या बदलल्या.’ शब्द सोपा आहे, पण फसवा आहे. गुडघ्यावर समोरून हाताला लागते ती वाटी बहुधा जागच्या जागीच राहते. फार तर तिच्या मागच्या अंगाला प्लास्टिकची एक चकती चिकटवतात. बदलतो तो आतला सांधा. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर धातूचं टोपण बसतं, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकावर धातूची सपाट बैठक, आणि दोन्हींच्या मधे पॉलिथिनची गुळगुळीत, घट्ट गादी. ‘वाट्या बदलल्या’ म्हटलं की झिजलेली वस्तू काढून तंतोतंत तशीच नवी घातली, असं वाटतं. तसं होत नाही. नवा सांधा दुखत नाही, भार पेलतो, चालतो, जिना चढतो, पण जुन्या सांध्यासारखा हलत नाही. रस्त्यावर हा फरक कळतही नाही. कळतो तो जमिनीवर बसायची वेळ येते तेव्हा. सोलापुरात तर ती वेळ दिवसातून दहा वेळा येते. म्हणून सांधा कुठल्या कंपनीचा आणि किती किमतीचा, या प्रश्नाआधी तो कुठल्या घरात आणि कुठल्या कामात जाणार आहे, हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो ऑपरेशनच्या आधी विचारायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

गुडघा किती वाकतो ते अंशांत मोजतात. पाय सरळ ताठ असला की शून्य, खुर्चीवर बसल्यावरचा काटकोन म्हणजे ९०, आणि टाच पार ढुंगणाला टेकली की १५०च्या पुढे. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकतो, तोही पाऊल हवेत असताना. जिन्याला ८० ते १०० अंश लागतात, खुर्चीतून उठायलाही जवळपास तेवढेच. म्हणजे ११० अंश वाकणाऱ्या गुडघ्यावर टेबल-खुर्चीचं सगळं आयुष्य निभावतं. आपलं निभावत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय माणसांचं उकिडवं बसणं, गुडघे टेकणं आणि मांडी घालणं मोजलं गेलं. उकिडवं बसताना गुडघा सरासरी १५० अंशांच्याही पुढे जात होता. काठवटीसमोर ज्वारीची भाकरी थापणारी बाई डोळ्यांसमोर आणा. एक गुडघा उभा, दुसरा जमिनीवर दुमडलेला. पीठ मळताना सगळं अंग पुढे झुकतं, भाकरी तव्यावर टाकताना बाजूला वळतं, पिठाचा डबा दूर असला तर अर्धवट उठून पुन्हा बसणं होतं. तीच बाई विडी कामगार असली तर स्वयंपाक उरकून मांडीवर सूप घेते, ओलवलेली तेंदूची पानं फरम्याच्या मापानं कापते, तंबाखू भरते आणि विडी वळत राहते. मजुरी हजार विड्यांवर ठरते. हजार होईपर्यंत उठणं म्हणजे नुकसान. त्यात सकाळचा संडास, देवपूजा, नमाज, पंगत, भजन हे सगळं मिळवा. एवढ्या वेळा जमिनीला भिडणारा गुडघा गृहीत धरून जगातला पहिला कृत्रिम सांधा बनलेला नव्हता.

हे समजायचं तर आधी निसर्गाचा गुडघा कसा हलतो ते पाहायला हवं. तो नुसती बिजागरी असता तर त्याची नक्कल करणं सोपं होतं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोलवे असतात, एक आतल्या बाजूचा, एक बाहेरच्या. गुडघा वाकताना आतला गोलवा जवळजवळ जागेवरच फिरतो. बाहेरचा मात्र नडगीच्या माथ्यावरून मागे घरंगळत जातो, पूर्ण वाकेपर्यंत दीड-दोन सेंटिमीटर. जुन्या वाड्याच्या दाराचा खुंट एका कडेला उखळीत फिरतो आणि दाराची दुसरी कड मोठी कमान काढते, तसंच काहीसं इथे होतं. परिणामी पाय खोल दुमडताना नडगी आतल्या बाजूला २० अंशांहून जास्त वळते. हे वळणं आणि मागे जाणं कशासाठी? मांडीचं हाड मागे सरकलं नाही तर त्याची मागची कड नडगीच्या मागच्या कडेवर आपटेल आणि वाकणं तिथेच थांबेल. मागे सरकल्यानं मांडी आणि पोटरी यांच्या मांसाला जागा मिळते आणि मांडी घालता येते. उलट पाय सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेर वळून स्क्रूसारखी घट्ट बसते. त्यामुळे तासभर रांगेत उभं राहिलं तरी स्नायूंना फारसा जोर लावावा लागत नाही. सांध्याच्या मध्यात एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन अस्थिबंध, दोन अर्धचंद्राकार कूर्चा आणि हाडांचे किंचित वेगवेगळे आकार मिळून हे सगळं सांभाळतात. यातली एक गोष्ट काढली की बाकीच्यांचा ताल बिघडतो.

कृत्रिम सांधा बसवताना यातल्या बऱ्याच गोष्टी काढाव्याच लागतात. झिजलेला पृष्ठभाग जातो, कूर्चा जातात, आणि बहुतेक रचनांत पुढचा फुलीचा अस्थिबंधही जातो, काहींत मागचाही. आजच्या सांध्यांची पायाभूत रचना १९७४ साली न्यू यॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि भारतात जन्मलेले चित्तरंजन राणावत यांनी उभी केली. पुढे ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे बदलले ते याच राणावतांनी, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत या ऑपरेशनचं नाव पोचलं. १९७४ची ती रचना भक्कम होती, दुखणं घालवत होती, पण जेमतेम ९० अंशांच्या आसपास वाकायची. १९७८ साली त्यात एक युक्ती आली. गादीच्या मध्यावर प्लास्टिकची एक खुंटी ठेवली आणि धातूच्या टोपणात आडवा दांडा. गुडघा निम्मा वाकला की दांडा खुंटीला अडतो आणि मांडीचं हाड मागे ढकललं जातं. जे काम अस्थिबंध करत होता ते आता खुंटी करू लागली. वाकणं वाढलं, पण हा मागे जाण्याचा धक्का ठरावीक अंशानंतर मिळतो. निसर्गात तो पहिल्यापासून हळूहळू मिळत असतो, आणि मुख्यतः बाहेरच्याच बाजूला.

आतमध्ये खरं काय घडतं हे मात्र बरीच वर्षं कुणी पाहिलेलं नव्हतं. १९९०च्या दशकात क्ष-किरणांचं हलतं चित्र घेऊन, त्यावर संगणकात सांध्याचा घन आकार जुळवून, चालत्या-वाकत्या माणसाच्या गुडघ्यात धातू नेमका कुठे टेकतो ते मोजता येऊ लागलं. निकाल रचनाकारांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. मागचा अस्थिबंध राखून बसवलेल्या अनेक गुडघ्यांत, गुडघा वाकताना मांडीचं हाड मागे घरंगळायच्या ऐवजी चक्क पुढे घसरत होतं. वाकताना पुढे घसरलं म्हणजे दोन तोटे. मागची कड लवकर अडते, आणि मांडीच्या समोरच्या स्नायूंना मिळणारी तरफ आखूड होते, म्हणून उठताना जोर जास्त लागतो. पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, दुखत नाही, पण खाली बसलं की उठायला भरवसा वाटत नाही.’ ही तक्रार मनाची नाही. त्यामागे हे घसरणं असू शकतं. आता आतला गोलवा एका खोलगट जागेत धरून ठेवणारे, दाराच्या खुंटासारखे फिरणारे सांधेही मिळतात. झीज एकाच बाजूला असेल तर अर्धाच सांधा बदलून अस्थिबंध वाचवता येतात, आणि अशा गुडघ्याची चाल मूळ गुडघ्याच्या जास्त जवळ जाते. पण ज्याच्या दोन्ही बाजू झिजल्या आहेत त्याला हा पर्याय नाही, आणि आपल्याकडे माणूस डॉक्टरकडे पोचतो तो बहुधा पाय पार धनुष्यासारखे वाकल्यावर.

भार किती पडतो हेही आता अंदाजानं सांगावं लागत नाही. बर्लिनमधल्या संशोधकांनी सांध्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली आणि २०१० साली पाच माणसांची मोजमापं प्रसिद्ध केली. सपाट चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार येतो, खुर्चीतून उठताना २.५ पट, जिना चढताना ३.२ पट आणि जिना उतरताना जवळपास ३.५ पट. साठ किलोच्या बाईनं एक पायरी उतरली की त्या क्षणी गुडघ्यावर दोनशे किलोंहून जास्त ओझं असतं. चढण्यापेक्षा उतरणं जड, हे दम लागण्यावरून कळत नाही, म्हणून मुद्दाम सांगायला हवं. सोलापूरकर कोजागरीला चालत तुळजापूरला जातात. रस्ता सपाट आहे तोवर नवा गुडघा साथ देतो, पण भवानीच्या देवळात पायऱ्या उतरूनच जावं लागतं. खरी परीक्षा तिथे होते, गर्दीत कठडा हाताशी नसला तर आणखीच. फिजिओथेरपिस्ट सांगतात ती रीत याच मोजमापाशी जुळते: चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली, म्हणजे दोन्ही वेळी अंग पेलण्याचं काम चांगल्या पायावर राहतं.

इथे पहिला आक्षेप येतो. मग जास्त वाकणारा सांधाच का बसवू नये? ‘हाय फ्लेक्स’ नावानं असे सांधे मिळतात, जाहिरातींत माणसं मांडी घालून हसताना दिसतात, आणि घरचे लोक पदरमोड करून तोच मागतात. त्या सांध्यांत धातूच्या टोपणाची मागची बाजू जाड आणि लांब केलेली असते, म्हणजे खोल वाकल्यावरही टेकायला जागा राहावी. कल्पना चांगली आहे. पण साधा आणि जास्त वाकणारा सांधा यांची शेजारी शेजारी तुलना केली गेली तेव्हा प्रत्यक्ष वाकण्यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल हे ठरतं ते मुख्यतः ऑपरेशनच्या आधी तो किती वाकत होता यावरून, आणि नंतरच्या आठवड्यांतल्या व्यायामावरून. किमतीकडेही पाहा. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारनं गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि हाय फ्लेक्सला ५६,४९० रुपये ठरले, जीएसटी वेगळा. सरकारच्या लेखी दोन्हींतला फरक १,७७० रुपयांचा होता. यावरूनच कुणी ‘मांडी घालता येईल’ म्हणून फार जास्त पैसे मागत असेल तर थांबून विचारावं. त्याहून गंभीर इशारा दक्षिण कोरियातून आला. तिथेही जमिनीवर बसायची रीत आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जास्त वाकणाऱ्या एका रचनेचे ७२ गुडघे सरासरी पावणेतीन वर्षांनी तपासले, तर २७ गुडघ्यांत मांडीच्या हाडावरचं टोपण ढिलं झालेलं होतं. ते गुडघे न वाकणाऱ्यांचे नव्हते. उलट जास्त वाकणाऱ्यांचे, उकिडवं बसणाऱ्यांचे, गुडघे टेकणाऱ्यांचे होते. त्याच प्रकारच्या सांध्यांवर इतर काहींना असं ढिलं होणं आढळलं नाही, हेही खरं आहे. म्हणून त्या एका अभ्यासावरून सगळ्यांना फाशी देऊ नये. पण खोल वाकणं फुकट मिळत नाही, एवढं त्यातून कळतं. मांडीचं हाड गादीच्या मागच्या कडेवर येतं, टेकण्याची जागा चिमटीएवढी होते आणि सगळा भार तिथे एकवटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो आजूबाजूच्या माणसांकडे बोट दाखवतो. गुडघा बदललेले कितीतरी लोक मांडी घालून जेवतात, त्यांना काही होत नाही; मग डॉक्टर उगाच घाबरवतात का? यात तथ्य आहे, आणि ते नीट वेगळं करून पाहायला हवं. जमिनीवर बसलेलं असणं आणि जमिनीवर बसायला जाणं-उठणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खोल वाकल्यावर मांडी पोटरीवर टेकते आणि भाराचा काही भाग त्या मांसावर जातो, बाकीचा ढुंगणावर. सांध्यावर तेव्हा ताण तुलनेनं कमी असतो. जड आहे ते खाली जाणं, आणि त्याहून जड आधाराशिवाय वर येणं. मांडी घालताना त्यात नडगीचं वळणंही येतं, आणि मधे खुंटी असलेल्या सांध्यात ती खुंटी कडेनं घासू शकते. म्हणून महिन्यातून एकदा पंगतीला, शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवून बसलेला माणूस आणि दिवसातून वीस वेळा भिंत न धरता उठणारी विडी कामगार बाई यांना एकच उत्तर देता येत नाही. ‘खाली बसू नका’ हा सल्ला पहिल्याला गरजेपेक्षा कडक आहे आणि दुसरीला अर्धवट आहे, कारण तिनं मग कुठे बसायचं हे तो सांगत नाही. गुडघे टेकण्याबद्दलही असंच. ऑपरेशनच्या चिऱ्यामुळे गुडघ्यासमोरची कातडी बधिर होते, टेकलं की विचित्र वाटतं, आणि माणूस समजतो की सांधा मोडेल. बहुतेक वेळा तसं काही नसतं. जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून, मऊ उशी घेऊन टेकता येतं.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. जमिनीवर बसणं आपली रीत आहे. ती सोडायला लावणारं ऑपरेशन करायचंच कशाला? याचं उत्तर दुखण्यात आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना लागणाऱ्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. शंभरात अठरा जणांना हाडा-सांध्यांचं दुखणं होतं, आणि गुडघा त्यात अग्रभागी होता. हे कष्ट करणारं गाव होतं, खुर्चीत बसणारं शहर नव्हे. ज्याचा सांधा हाडावर हाड घासण्यापर्यंत झिजला आहे तो माणूस जमिनीवर आधीच बसत नसतो. दुखण्यानं ती रीत त्याच्याकडून कधीच काढून घेतलेली असते. ऑपरेशन त्याला चालणं, रात्रीची झोप आणि बाजारहाट परत देतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदी एकत्र करून असं दिसलं की शंभरातले सुमारे ८२ पूर्ण सांधे २५ वर्षं टिकतात. हा सौदा वाईट नाही. फक्त त्यात काय मिळतं आणि काय मिळत नाही हे आधी बोललं गेलं पाहिजे. ते न बोलल्यामुळे यशस्वी ऑपरेशननंतरही माणूस नाराज राहतो, आणि तो राग त्याला एकट्यालाच सोसावा लागतो.

मग जमीन आणि गुडघा यांची तडजोड कशी करायची? सोलापूरकडे याचं एक जुनं उत्तर पडून आहे. इथल्या विणकराच्या खड्डामागात माणूस जमिनीच्या पातळीवरच बसतो, पण त्याचे पाय खड्ड्यात खाली सोडलेले असतात आणि पावड्या दाबत असतात. गुडघा काटकोनात राहतो. बसणं जमिनीवरचं, वाकणं खुर्चीचं. भाकरीला, विडीला, पूजेला हीच युक्ती लावता येते. खड्डा खणायची गरज नाही, बसायची जागा उचलायची. गुडघ्याच्या उंचीएवढा ओटा किंवा भक्कम बाक, समोर त्याच मापाचं टेबल, त्यावर काठवट किंवा सूप. गॅसची शेगडी ओट्यावर असेलच, तर भाकरी थापण्याची जागाही ओट्यावर न्यायची. बैठ्या संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची, शेजारच्या भिंतीला पकडायला पाइप. विडी वळणाऱ्या बायकांसाठी सोलापूरजवळच्या कुंभारीला २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या कामगारांना मिळाल्या. इतकी घरं एका नकाशावर उभी राहू शकतात, तर त्यांत एक पाइप आणि एक बसका ओटा मूळ नकाशातच असू शकतो. कारखान्यानं पान-तंबाखू देताना एक बाकही द्यावा, ही मागणी युनियनच्या मागण्यांत बसण्यासारखी आहे. पंचेचाळिशीच्या बाईला आजच ती जागा मिळाली तर कदाचित तिचं ऑपरेशनच काही वर्षं लांबेल.

आणि ज्यांच्या घरात ऑपरेशनची तारीख ठरते आहे, त्यांना एक विनंती. टेप घ्या. रोज बसता त्या जागेची जमिनीपासूनची उंची, संडासाचा प्रकार, घराच्या पायऱ्या किती आणि कठडा आहे का, आणि दिवसातून किती वेळा जमिनीवरून उठता, हे कागदावर लिहा. तो कागद एक्स-रेच्या पाकिटात ठेवा, आणि डॉक्टरांनी पाकीट उघडलं की एक्स-रेच्या आधी तो पुढे करा.